साळवे सरांची काळी काच

साळवे सरांसमोर साधं बोलायचं म्हटलं तरी थोडी छाती लागे. "काय उकडतंय आज," असं कुणी म्हणालं की ते तपासायच्या वह्यांतून मान वर काढून विचारत, "कशावरून?" विचारण्यात खोच नसे, हेटाळणी नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. आपण घाम पुसत म्हणावं, अहो, अंगातून धारा चालल्यात. त्यावर ते म्हणत, "घाम हवेतल्या दमटपणामुळेही वाळत नाही. कालच्यापेक्षा उष्मा जास्त आहे असं म्हणायचं तर थर्मामीटर पाहावा लागेल." आणि प्रयोगशाळेत जाऊन ते खरोखर पाहून येत. बहुतेक वेळा उष्मा कालच्याइतकाच निघे. त्याने आमचं उकडणं थांबत नसे, हे वेगळं.

मुलांनी त्यांचं नाव 'कशावरून सर' ठेवलं होतं. सरांना ते कळलं तेव्हा त्यांनी ते नाव ठेवणाऱ्या मुलाला शोधून काढलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, दुष्काळाची वर्षं. श्रीरामपूरच्या आमच्या शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवत आणि मी मराठी. म्हणजे ते मुलांना पुरावा मागायला शिकवत आणि पुढच्याच तासाला मी त्याच मुलांकडून निसर्गाच्या थोरवीवर कसलाही पुरावा न देता दोन पानं लिहून घेई. शाळेच्या मागे शिक्षकांसाठी पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. तिथे आमची आणि त्यांची भिंत एकच होती. भिंत पातळ असल्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय हे विचारायला जावं लागत नसे.

दानियल साळवे उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी खडूचे तुकडे. 'मला माहीत नाही' हे वाक्य ते अशा आनंदाने उच्चारत, की दुसरा एखादा माणूस बढती मिळाल्याचं सांगेल. दर रविवारी न चुकता चर्चला जात, पण तिथूनही प्रश्न घेऊनच परतत. एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की पाऊस माणसांच्या पापांमुळे थांबला आहे. बाहेर पडताना सर त्यांना म्हणाले, "शेजारच्या तालुक्यात दोन सरी पडल्या. तिथली माणसं कमी पापी आहेत, हे कशावरून?" पाळक म्हणाले, "सर, आधी हात तरी मिळवा." सरांनी हात मिळवला आणि तो हातात धरूनच उत्तराची वाट पाहिली.

त्यांच्याकडे एक साधा कॅमेरा होता. चौकोनी डबा, वरून मान खाली घालून बघायचा, बारा फोटोंचा रोल घालायचा. असा कॅमेरा त्या काळी गावात बऱ्याच जणांकडे होता आणि लग्ना-बारशाच्या पलीकडे त्याचा कुणी उपयोग करत नसे. सरांनी एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं, की माणसाच्या डोळ्याला प्रकाशाची फक्त मधली पट्टी दिसते. तिच्या एका अंगाला, जांभळ्याच्या पलीकडे, जंबुपार किरण आहेत, दुसऱ्या अंगाला, तांबड्याच्या अलीकडे, अवरक्त. डोळ्याला ते दिसत नाहीत, पण फिल्मला दिसू शकतात. त्या दिवसापासून सरांना मधल्या पट्टीचा कंटाळा आला.

अवरक्ताची सोय लवकर झाली. नगरच्या लष्करी छावणीत नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने विमानातून फोटो घ्यायची, मुदत संपून टाकून दिलेली फिल्म आणून दिली. ती रुंद होती. भरदुपारी न्हाणीघराच्या दाराला गोधड्या लावून, अंधारात चाचपडत, सर आणि त्यांची मुलगी एस्तेर ती कात्रीने कापत आणि जुन्या रोलच्या कागदावर चिकटवत. पलीकडून मला आवाज येत. "बाबा, हे माझं बोट आहे." "कशावरून?" "दुखतंय म्हणून!" मग दोघांचं हसू. सर हसत तेव्हा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत, पण अंधारातसुद्धा ती ते ओळखत असावी.

जंबुपाराला मात्र खास काच लागते, ती तेवढेच किरण येऊ देते आणि बाकीचा उजेड अडवते. ती विकत घ्यायची तर परदेशातून. सरांनी नगरला एका नाटक कंपनीच्या दिवेवाल्याला गाठलं. रंगमंचावर भुताखेतांच्या प्रवेशाला तो एक काळाजांभळा बल्ब लावत असे. त्याचे जळून गेलेले बल्ब सर पिशवीत घालून एस.टी.ने घेऊन आले. रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा बल्बला गुंडाळायचा, पेटवायचा आणि वरून गार पाणी ओतायचं, म्हणजे काच दोऱ्याच्या रेषेवर तडकते. बल्ब एकामागून एक फुटले. शेवटच्यातून रुपयाएवढा तुकडा साबूत निघाला. तो त्यांनी बुटाच्या पॉलिशच्या डबीच्या झाकणाला भोक पाडून लाखेने बसवला आणि झाकण भिंगापुढे अडकवलं. काच बाकदार असल्यामुळे फोटोत कडेची माणसं थोडी वाकडी येत.

"मोठ्या लोकांच्या महाग कॅमेऱ्यात हे जमणार नाही, पाठक," ते मला म्हणाले. "त्यांच्या भिंगांवर लेप दिलेला असतो, तो हे किरण अडवतो. आपलं भिंग गरीब आहे, त्याला काही अडवता येत नाही."

साळवेवहिनींचा या सगळ्याला एकच विरोध होता, आणि तो पाण्याचा होता. नळाला पाणी दिवसाआड, तेही घागरभर. फोटो धुवायला तर वाहतं पाणी हवं. "माणसांनी तोंडं पुसून घ्यायची आणि तुमच्या फोटोंनी आंघोळी करायच्या," असं त्या भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. सर पाणी जपून वापरत, वापरलेलं कडुनिंबाला घालत. त्या कडुनिंबाचा अवरक्तातला फोटो त्यांनी मला दाखवला. आकाश काळंकुट्ट आणि झाड पांढरंशुभ्र, जसं काही त्यावर बर्फ पडलंय. "जिवंत पान हे किरण परत फेकतं," ते म्हणाले. "वाळलेलं फेकत नाही. बघा, ही फांदी काळी आली. ही मेली आहे." मी बाहेर जाऊन फांदी पाहिली. ती मेली होती हे नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं, पण मी ते बोललो नाही.

त्यांची कीर्ती झाली ती विज्ञान प्रदर्शनात. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब आले होते. काळा कोट, काळा गॉगल, गळ्यात बैलाला पेलणार नाही एवढा हार. मुख्याध्यापकांनी, म्हणजे आमच्या हेडसरांनी, आबासाहेबांच्या दूरदृष्टीवर दीर्घ भाषण केलं. त्या वेळी मांडवाच्या कडेला उभं राहून सरांनी अवरक्ताचा एक फोटो घेतला आणि प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर लावला. फोटोत आबासाहेबांचा काळा कोट पांढरा झाला होता. ते एक वेळ चाललं असतं. पण गॉगलही पारदर्शक झाला होता आणि त्यामागे दूरदृष्टीवरचं भाषण ऐकता ऐकता आबासाहेब गाढ झोपलेले दिसत होते.

हेडसर धावत आले. "साळवे, काढा तो फोटो."

"का सर? खोटा आहे का?"

"खरा आहे म्हणून तर काढा!"

फोटो निघाला, पण तोवर निम्म्या गावाने तो पाहिला होता. त्यानंतर 'साळवे सरांचा कॅमेरा आरपार बघतो' ही गोष्ट गावात पक्की झाली. सर कॅमेरा घेऊन रस्त्याने निघाले की बायका पदर घट्ट ओढून घरात जात. सर दारोदार थांबून समजावत, की कपड्यातून काही दिसत नाही. असल्या विषयाचा खुलासा बायकांच्या दारात करणं बरं नव्हे, हे त्यांना मीच एकदा सांगितलं.

मग पाण्यासाठी माणसं येऊ लागली. एके दिवशी नेवाशाकडची तिघं जण आली. त्यांतले म्हातारेबुवा खोलीच्या उंबऱ्याबाहेरच बसले. आत या म्हटलं तरी येईनात.

"सर, जमिनीखालचं पानी दिसतं म्हनं तुमच्या कॅमेऱ्यात."

"नाही दिसत."

"खोल असंल तर ऱ्हाऊ द्या. वरचं वरचं?"

"वरचंही नाही अन् खोलचंही नाही. झाडाचं पान जितं आहे का वाळलंय, एवढंच कळतं."

"त्ये तर आमालाबी कळतं. आमच्या शेरडालाबी कळतं."

"बरोबर आहे."

"मंग हा कॅमेरा कशापायी?"

सर विचारात पडले. "ते मलाही अजून नीट सांगता येत नाही," ते म्हणाले.

म्हातारेबुवांनी पागोटं सारखं केलं. "सांगायचं नसंल तर न्हाई. आमी आपलं आशेनं आल्तो. कारखानेवाल्यास्नी सांगत आसाल तुमी, गरिबाला कोन सांगतंय." आणि ते उठून निघाले. सर त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेले, हातवारे करून सांगत राहिले. तिघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

परत आले तेव्हा ते खिन्न होते. "नाही म्हणालो तर त्यांना पटलं नाही, पाठक. हो म्हणालो असतो तर पटलं असतं."

"कशावरून?" मी विचारलं. तेव्हा त्यांचे खांदे हलले. त्यांना असं हसताना मी पाहिलं ते बहुधा शेवटचं.

त्या उन्हाळ्यात एस्तेरचं लग्न ठरलं. मुलगा राहुरीचा, बँकेत कारकून, नाव प्रभाकर. त्याचे वडील थोरात गुरुजी निवृत्त शिक्षक, मृदू बोलणारे. एस्तेर गोरी नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर एक टवटवी होती. दुष्काळात तशी टवटवी दुसरीकडे कुठे दिसत नव्हती. प्रभाकर पहिल्यांदा आला तेव्हा तिने त्याला सरबत दिलं आणि विचारलं, "गोड झालंय का?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "कशावरून? अजून प्यायलाच नाहीत." भिंतीपलीकडे आम्ही नवरा-बायको तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसलो. हे लग्न दोघांनाही हवं होतं, हे भिंतीलासुद्धा कळत होतं.

साखरपुड्यानंतर सरांनी एस्तेरचे तीन फोटो काढायचं ठरवलं. एकच चेहरा साध्या उजेडात, अवरक्तात आणि जंबुपारात. भरदुपारी अंगणात खुर्ची मांडली, कारण काळ्या काचेतून उजेड जेमतेम येई आणि कडक ऊनच लागे. सरांनी बजावलं होतं, "चेहऱ्याला काही लावू नकोस." ती आत जाऊन तयार होऊन आली, उन्हात बसली, पदराने घाम टिपत राहिली. मी ओसरीवरून पाहत होतो. वहिनींनी तिला दृष्ट लागू नये म्हणून कडाकडा बोटं मोडली.

साधा फोटो सुरेख आला, अवरक्तातला दुधासारखा पांढरा. जंबुपारातला फोटो धुऊन बाहेर आणला तेव्हा सर बराच वेळ अंगणातच उभे होते. चेहरा काळपट आला होता आणि त्यावर फिकट चट्टे होते. एक गालावर, एक कानशिलाशी, एक हनुवटीखाली. त्यांच्या त्या मासिकात लिहिलं होतं, की कातडीचा रंग कुठे उणा झाला तर जंबुपारात तो डोळ्याला दिसण्याच्या आधी दिसतो. हे वाक्य सरांना पाठ होतं. आमच्या भागात फिकट चट्टा म्हटलं की माणसाच्या तोंडून नाव निघत नसे. कोड म्हणायची हिंमत होत नसे, मग महारोग हा शब्द तर लांबच.

वहिनींना आणि मला त्यांनी फोटो दाखवला. एस्तेरला दाखवला नाही. "रक्त तपासायचंय," एवढंच सांगून ते तिला नगरला चामडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी कापूस फिरवून पाहिला, टाचणी टोचून पाहिली, भिंगातून पाहिलं आणि तिला बाहेर बसवलं. "मला काही दिसत नाही," ते म्हणाले. "दिसणार नाहीच," सर म्हणाले, "म्हणून तर फोटो काढला." डॉक्टरांनी असा फोटो आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी तो उलटसुलट केला आणि 'मला माहीत नाही' म्हणायच्या ऐवजी म्हणाले, "थांबून बघू."

त्या दोन शब्दांनी सगळं केलं.

मी सरांना म्हणालो, "थांबून बघायचंय ना? मग थांबा. कुणाला काही सांगू नका." वहिनी तर पायाच पडायच्या बाकी होत्या. "अहो, मुलीचं नशीब आहे. डॉक्टरला दिसत नाही, तुम्हाला कसलं दिसतंय?" सर म्हणाले, "मला दिसलंय ते लपवून मी तिचं लग्न लावलं तर ती फसवणूक होईल. प्रभाकर माझा मुलगा असता तर मला काय हवं असतं?" ते पहिल्या एस.टी.ने राहुरीला गेले आणि फोटो थोरात गुरुजींच्या हातात ठेवला. गुरुजींनी हात जोडले. "सर, तुमच्यासारखा खरा माणूस मी पाहिला नाही. हा फोटो ठेवू का? घरच्यांना समजावून सांगायला लागेल." सरांनी ठेवू दिला. पुढे त्या फोटोने जिल्ह्यात जेवढा प्रवास केला तेवढा सरांनी जन्मात केला नव्हता.

चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. एस्तेरचं आणि प्रभाकरचं नाव दोन रविवार वाचून झालं होतं. तिसऱ्या रविवारी पाळकांनी दुसऱ्या एका जोडप्याचं नाव वाचलं आणि कागद मिटला. वहिनींनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं, की त्या क्षणी सगळं चर्च वळून बघेल असं त्यांना वाटलं होतं. कुणी वळलं नाही. सगळे मुद्दाम समोर बघत राहिले.

त्याच दुपारी एस्तेरला फोटो दाखवावा लागला. ती रडली नाही, असं वहिनी म्हणाल्या. तिने आरसा घेतला. पुढे कित्येक दिवस ती दाराशी उजेडात आरसा धरून बसलेली दिसे. मी एकदा तिला म्हणालो, "एस्तेर, काही नाही गं तुझ्या चेहऱ्यावर." ती म्हणाली, "डोळ्यांना दिसत नाही काका. बाबांचा फोटो खोटा कसा असेल?"

जून कोरडा गेला. शाळा सुरू झाली तेव्हा स्टाफरूममधल्या माठावर साळवे सरांसाठी वेगळा पेला आला होता. कुणी आणला हे कुणालाच माहीत नव्हतं. आमचे पेले पोचे पडलेल्या ॲल्युमिनियमचे होते, हा नवाकोरा स्टीलचा होता. सरांनी कुणाला काही विचारलं नाही. हेडसर तर मला कौतुकाने म्हणाले, "बघा, कुणी त्यांना दुखावलंय का? उलट चांगलाच पेला दिलाय."

पावसाळ्याचा बाकीचा काळही तसाच गेला. चट्टे किती पसरले हे पाहायला सरांनी एस्तेरला पुन्हा अंगणात बसवलं. तेच ऊन, तीच काळी काच. ती झोपेतून उठल्यासारखी येऊन बसली, केसही विंचरले नव्हते. फोटो धुऊन झाला आणि सर माझ्याकडे आले. त्यांच्या हातातल्या ओल्या फोटोतून पाणी टपकत होतं. चेहरा एकसारखा होता. एक डाग नव्हता.

"काच बिघडली असेल," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "काच कशी बिघडेल?" आणि तसेच घरात गेले. भिंतीपलीकडचं ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"एस्तेर, मागच्या वेळी तोंडाला काय लावलं होतंस?"

"काही नाही."

"आठवून सांग."

"...पावडर लावली होती थोडी."

"कसली पावडर?"

"घामोळ्याची. घरात दुसरी कुठे होती?"

"मी सांगितलं होतं ना, काही लावू नकोस म्हणून!"

"पण बाबा, पावडर न लावता फोटोला कोण बसतं?"



ती खरं तेच सांगत होती. आमच्याकडे कुणीच बसत नसे. प्रत्येक फोटो स्टुडिओत आरशापाशी कंगवा आणि पावडरचा डबा ठेवलेला असे आणि गाडीखाली काम करणारा मेकॅनिकसुद्धा तिथून पांढरा होऊन कॅमेऱ्यासमोर येई. काही लावू नकोस म्हणजे काजळ-बिजळ लावू नकोस, असं एस्तेरने धरलं होतं. पावडर हे काही लावणं आहे, असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. घामोळ्याच्या पावडरीत जस्ताचं भस्म असतं. ते डोळ्याला पांढरं दिसतं आणि जंबुपार किरण गिळून टाकतं. म्हणून चेहरा काळा आला आणि जिथे तिने घाम टिपताना पावडर पुसली तिथे खरी, निरोगी कातडी फिकट दिसली. जिल्हाभर फिरलेले ते चट्टे म्हणजे एस्तेरचा स्वच्छ चेहरा होता.

सरांनी मग जे केलं ते एखाद्या प्रबंधासाठी करावं तसं केलं. स्वतःच्या दोन्ही हातांचा फोटो काढला, एकावर पावडर, एक मोकळा. वहिनींच्या हाताचा काढला. माझ्या अर्ध्या गालाला पावडर लावून काढला आणि जंबुपारात मला तात्पुरता महारोग झाला. सगळे फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, खाली सुबक अक्षरात समजावून लिहून ते राहुरीला निघाले. मीही बरोबर गेलो. माझा गाल पुराव्यात होता.

थोरात गुरुजींनी चहा दिला. पुठ्ठा मांडीवर घेऊन शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "प्रभाकरचं ठरलंय, सर. मुलगी पारनेरची आहे."

सर म्हणाले, "ते असू द्या. पण तुम्हाला पटलं ना? तिला काही झालं नव्हतं, हे पटलं ना?"

गुरुजींनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोरीसाठी बाप काय करणार नाही, सर? तुमच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं."

दाराआड कुणी बाई म्हणाली, "पन पावडर लावीतच कशाला हुती? झाकायलाच ना?"

सरांनी ते ऐकलं. पुठ्ठा उचलला आणि आम्ही बाहेर आलो. एस.टी.त त्यांनी पुठ्ठा मांडीवर पालथा धरला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, लोकांना हळूहळू कळेल. मला वाटलं, ते कशावरून म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर कुणालाच विचारलं नाही.

तो पुठ्ठा त्यांनी पाळकांना दाखवला, हेडसरांना दाखवला, स्टाफरूममध्ये एकेकाला बाजूला घेऊन दाखवला. लोक सहानुभूतीने बघत. पहिला फोटो कुणालाच समजला नव्हता आणि सगळ्यांना पटला होता. दुसरे फोटो सगळ्यांना समजले आणि कुणालाच पटले नाहीत. हा कॅमेरा डोळ्याला न दिसणारं दाखवतो, हे सरांनीच गावाला शिकवलं होतं. गाव चांगलं शिकलं होतं. नगरच्या डॉक्टरांनी 'रोग नाही' असं स्वच्छ शब्दांत लिहून दिलं. त्यावर गावात एवढंच म्हणणं पडलं, की कागद काय, मिळतात. वर्गात आता ते धडा वाचून दाखवत, प्रश्न विचारत नसत. मुलंही विचारत नसत. हेडसरांच्या मते त्यांचं शिकवणं सुधारलं होतं.

वर्ष उलटल्यावर एस्तेरला अमरावतीकडच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, हीच त्या नोकरीची जमेची बाजू. तिला पोचवायला सर आणि मी स्टेशनवर गेलो. वहिनी आल्या नाहीत, त्यांना ते सोसलं नसतं. मनमाडकडे जाणारी गाडी लागली होती. एस्तेर खिडकीशी बसली होती. सर खिडकीबाहेर उभे राहून पाण्याची सुरई नीट ठेव, डब्याला कडी घाल, असं काहीबाही सांगत होते.

तेवढ्यात चर्चमधल्या एक वयस्क बाई सामान घेऊन तिथून चालल्या होत्या, त्या थांबल्या. "काय सर, पोर कुठं निघाली?"

"नोकरी लागली तिला."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आन् त्ये चट्ट्यांचं? आता बरं हाय ना?"

मला पुढचं पाठ होतं. सर आता सांगणार, बाई, ते चट्टे नव्हतेच, मग पावडर, मग जस्त, मग किरण. बाई मान डोलावणार आणि सरकून उभ्या राहणार. सरांनी तोंड उघडलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"हो," ते म्हणाले. "बरी झाली. सगळे गेले चट्टे."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "देवानं ऐकलं गं माझे बाई!" असं म्हणत त्यांनी गजांतून हात आत घातला आणि एस्तेरच्या गालावरून, कानशिलावरून, हनुवटीवरून फिरवला. घरच्यांखेरीज कुणी तिला हात लावल्याचं त्या सगळ्या काळात मी पाहिलं नव्हतं. एस्तेर हलली नाही. तिने चेहरा त्या हातात राहू दिला आणि बाईंच्या खांद्यावरून वडिलांकडे पाहत राहिली. सर मान खाली घालून फलाटाच्या फरशीकडे बघत होते.

शिट्टी झाली. बाईंनी हात काढला आणि गाडी हलली.